‘मानस’: चूक कुठली, खूण कुठली?

गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला ‘मानस’ म्हटलं की मन आठवतं. गोव्यात मानस म्हणजे खाजनशेतीच्या, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या सखल शेतीच्या, बांधात बसवलेला लाकडी दरवाजा: नदीचं खारं पाणी अडवणारा आणि शेतातलं पाणी बाहेर सोडणारा. खोक्यातून मिळणाऱ्या ‘मानस’ या खुनी शोधायच्या खेळाने नाव घेताना दोन्ही अर्थ धरले आहेत. पहिल्या अर्ध्या भागात तो त्या नावाला पुरेपूर जागतो. दुसऱ्या अर्ध्यात घसरतो, पण ती घसरण घरच्या घरी दुरुस्त करता येते. कशी, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे. खुनी कोण, ते कुठेही फोडलेलं नाही. ज्या खुणा सांगितल्या आहेत त्या पहिल्या दोन फेऱ्यांतच सगळ्यांसमोर येतात.

कथा अशी. जुलै 1999 मध्ये शाळेपासूनचे दहा मित्र मांडवीतल्या एका बेटावर एकाच्या घरी मुक्कामाला येतात. बेटाला नाव दिलेलं नाही, पण चोडण-दिवाडीला जाणारा माणूस फेरीबोटीचा धक्का, खाजन आणि बांध लगेच ओळखेल. सकाळी त्यांतला एक मानशीच्या आतल्या डोहात, म्हणजे पोंयीत, मेलेला सापडतो. ‘बुडून अपघाती मृत्यू’ अशी नोंद होऊन फाइल बंद होते. जुलै 2024 च्या शेवटच्या आठवड्यात उरलेले नऊ जण त्याच घरात पुन्हा जमतात आणि रात्रीत घराचा मालक, म्हणजे भाटकार, मरतो. राहिलेले आठ म्हणजे तुम्ही. पात्रांना नावं नाहीत, नुसती ओळख आहे: डॉक्टर, वकील, मास्तर, तांडेल (बोटीचा म्होरक्या), नर्स, कंत्राटदार, बँकवाली आणि भाटकारीण. हा निर्णय फार शहाणपणाचा. भूमिका बाई करो की पुरुष, काही अडत नाही आणि ‘अमुक म्हणजे कोण रे?’ यात वेळ जात नाही.

खोक्यात आठ पुस्तिका, चाळीस कार्डं, बारा बंद पाकिटं, बेटाचा मोठा नकाशा, पंचांगाची दोन पानं, शवविच्छेदनाचा अहवाल, मित्रांचा एक जुना फोटो, एसटीडी बूथची छापील चिठ्ठी आणि सूत्रधाराची वही. किंमत 1,450 रुपये. नववा माणूस सूत्रधार म्हणून लागतोच. वहीत ‘सूत्रधाराविनाही खेळता येईल’ असं छापलंय, त्यावर जाऊ नका. पाकिटं कुठल्या क्रमाने फोडायची हे खेळणाऱ्यांनीच ठरवलं तर पाकीट 8 आधी फुटतं आणि तिसऱ्या फेरीत काही उरत नाही.

आता मानशीकडे येऊ, कारण या खेळाचा जीव तिथे आहे.

मानशीचे दरवाजे आपोआप चालतात. भरतीला नदीची पातळी चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी ते ढकलून उघडतं. म्हणजे पाण्याला रस्ता एकच, आतून बाहेर. आता पहिल्या पाकिटातला 1999 चा पंचनामा वाचा: ‘मयत इसम नदीत पडून भरतीच्या पाण्याबरोबर मानशीतून आत वाहत आला.’ खाजन ज्याने पाहिलंय तो इथेच थांबतो. भरतीला दरवाजा मिटलेला असतो. मग प्रेत आत आलं कसं? एक तर माणूस बांधाच्या आतच मेला, नाहीतर कुणीतरी दरवाजाखाली लाकूड अडकवून तो उघडा ठेवला. असा दरवाजा उघडा ठेवण्याची रीत खरोखरच आहे, मासळी आत यावी म्हणून पाणी घेतात. मानशीतल्या मासेमारीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि ज्याने पावणी घेतली तो ओहोटीला दाराशी जाळं लावून बसतो. म्हणजे त्या रात्री तिथे जाग होती. पावणी कुणाकडे होती ते कार्ड 14 वर आहे, पण तिकडे जायचं सुचण्यासाठी आधी दरवाजाचं गणित सुटावं लागतं. एका ओळीच्या पंचनाम्यातून तीन प्रश्न आपोआप उभे राहतात, आणि तिन्हींची उत्तरं त्या जागेच्या रीतीतून निघतात. गोव्यावर बेतलेल्या रहस्यकथांत समुद्रकिनारा आणि पडका बंगला पुष्कळ असतो, पण जागा अशी साक्षीदार म्हणून क्वचित उभी राहते.

वेळेचं गणितही तितकंच नेटकं आहे. पंचांगाच्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या नाहीत, नुसती तिथी आहे: वद्य अष्टमी. दर्यावर्दी लोकांचा हिशोब लावायचा, तिथीची पाऊणपट. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. त्यापुढे सव्वासहा तासांनी, म्हणजे रात्री सव्वाबाराच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नदीत वर जावं तसा आणखी थोडा, आणि सूत्रधाराच्या वहीत तशी स्पष्ट सूट दिलेली आहे. कार्ड 5 वर म्हातारी मोलकरीण एकच वाक्य बोलते, ‘मानस धांपिल्ली’, म्हणजे मानस बंद होती. तिने ती किती वाजता पाहिली हे शोधलं की एका मित्राचं बोलणं खोटं ठरतं. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे कमी चढणारी, उधाणाइतका दाब दरवाजावर नसतो. त्यामुळे ‘एकट्या माणसाला तो अडकवता आला असता का?’ या प्रश्नाचं उत्तर पौर्णिमेला वेगळं आलं असतं. शिवाय जुलैत खाजनात पावसाचं पाणी साठलेलं, आतली पातळी उंच, म्हणून मानस उन्हाळ्यापेक्षा लवकर उघडते. पाकीट 3 हाही मुद्दा सोडत नाही. ज्याने हे लिहिलं तो बांधावर बसून गेलेला आहे.

मग अडचण कुठे येते? खेळातली काही विधानं मुद्दाम खोटी आहेत, काही लिहिणाऱ्याकडून चुकलेली आहेत, आणि खेळणाऱ्याला फरक कळत नाही.

तांडेलाचं बघा. तो सांगतो की 2024 च्या त्या रात्री तो ट्रॉलरवर खोल दर्यात होता, बेटावर आला तो सकाळच्या फेरीबोटीने. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ट्रॉलर दर्यात? पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. गोव्यातल्या गटात हे दोन मिनिटांत पकडलं जातं. आणि हे मुद्दाम पेरलेलं खोटं आहे, कारण कार्ड 22 वर जेटीवर ओढून ठेवलेल्या बोटींची नोंद मिळते. वकिलाचंही तसंच. ‘पंचवीस वर्षं झाली, आता खटला उभा राहत नाही,’ असं तो छातीठोक सांगतो. कायद्यात ती मुदत फक्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना आहे, खुनाला मुदत नाही. कार्ड 31 वर त्याच्याच टेबलावरचं कायद्याचं पान आहे, खूण घातलेलं. म्हणजे त्याला माहीत होतं आणि तो मित्रांना गप्प ठेवत होता. दोन्ही ठिकाणी बाहेरच्या माहितीने शंका येते आणि दुसरं कार्ड ती पक्की करतं. रहस्याचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.

आता कार्ड 9. मोलकरीण सांगते की भाटकाराने जेवणाआधी ‘ताज्या हुर्राकाचे तीन ग्लास’ घेतले. हुर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिली धार. हंगाम उन्हाळ्याचा, पाऊस लागला की संपला. ती फेणीसारखी ठेवायची वस्तूही नाही. जुलैअखेर ताजी हुर्राक मिळत नाही. गोव्यातला गट इथे जे करायचं तेच करतो: मोलकरीण खोटं बोलते म्हणून तिच्या मागे लागतो. अर्धा-पाऊण तास त्यात जातो आणि हाती काही लागत नाही, कारण दुसरं कार्डच नाही. ती साधी चूक आहे. पुण्याच्या गटाला ती खुपणारही नाही. म्हणजे ज्याला जास्त ठाऊक तोच जास्त फसतो, आणि जो खेळ मानशीच्या दरवाजावर उभा आहे त्यात हे व्हायला नको होतं.

दुरुस्ती सोपी आहे, पण नुसती ‘हुर्राक’ खोडून ‘फेणी’ लिहून भागणार नाही. हुर्राक साधारण पंधरा टक्क्यांची, फेणी चाळिशीच्या वरची. तीन ग्लास फेणी घेतलेला माणूस कार्ड 10 वर जसा जिने चढून कागदपत्रं काढतो तसा काढू शकणार नाही. म्हणून ‘तीन ग्लास’चं ‘एक ग्लास’ करा. बाकी काही हलत नाही.

हुर्राकीपेक्षा मोठी चूक मृत्युपत्राची, कारण एका पात्राचा सगळा हेतू तिच्यावर टेकलेला आहे. पाकीट 7 सांगतं की भाटकार आपलं घर आणि बागायत बायकोला व पोर्तुगालला गेलेल्या मुलाला वगळून, सगळंच्या सगळं एका मित्राच्या नावे करणार होता. गोव्यात हे होत नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली आणि आता 2012 च्या वारसा कायद्यात असलेली व्यवस्था अशी: लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी तिची. त्याच्या निम्म्यातला निम्मा भाग मुलांचा राखीव, त्याला मृत्युपत्राने हात लावता येत नाही. आकड्यांत मांडायचं तर सगळी सामाईक मालमत्ता एक कोटीची असेल तर 50 लाख बायकोचे, 25 लाख मुलाचे आणि भाटकाराला मर्जीने देता येणारे फक्त 25 लाख. स्थावर विकायचं झालं तरी दोघांच्या सह्या लागतात. हे गोव्यात घराघरांत माहीत आहे, वारसा वाटपाच्या ‘इन्व्हेंटरी’ खटल्यांनी सगळ्यांना शिकवलेलं आहे. त्यामुळे पाकीट 7 वाचलं की भाटकारीण करणारी व्यक्ती साहजिकच म्हणते, ‘असं मृत्युपत्र टिकणारच नाही, मग मी कशाला घाबरू?’ तिच्यावरचा संशय तिथेच विझतो आणि तिसरी फेरी लंगडी होते.

हे वाचवायचं असेल तर सूत्रधाराने पाकीट 7 मधला कागद बदलावा. मृत्युपत्र काढून टाका, त्याजागी विक्रीखताचा मसुदा ठेवा: खाजनाकडची बागायत कंत्राटदाराला विकल्याचा, खाली दोन सह्या, आणि बायकोची सही तिने केलेली नाही. हेतू दोघांना मिळतो, बायकोला राग आणि कंत्राटदाराला भीती. दुसरा आधारही आयताच आहे. भाटकारिणीच्या पुस्तिकेत पान 4 वर तिची खरी सही छापलेली आहे, आजवर ती नुसती शोभेला होती. ती शेजारी धरली की खोटी सही दिसते. पाकीट 11 मध्ये ‘मृत्युपत्र’ हा शब्द दोनदा येतो, तिथे ‘विक्रीखत’ करायला विसरू नका.

पोलिसी कागदांतही एक दुरुस्ती. 2024 च्या पंचनाम्यावर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 छापलंय. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिथे हे कलम 194 आहे, आणि दंड संहितेचं खुनाचं 302 जाऊन भारतीय न्याय संहितेचं 103 आलं. 1999 च्या कागदावर 174 आहे ते बरोबरच. जुनी-नवी कागदपत्रं कलमावरून ओळखण्याची सुंदर संधी होती, वाया गेली.

शवविच्छेदनाचा अहवाल मात्र दोन तोंडी आहे. भाटकाराचं प्रेत सकाळी साडेसहाला पालथं सापडलं, पण रक्त साकळून पडणारे जांभळे डाग पाठीवर. मेल्यावर रक्त खालच्या बाजूला उतरतं आणि साधारण सहा-आठ तासांनी ते डाग पक्के होतात. म्हणजे भाटकार बराच वेळ उताणा पडून होता आणि पहाटे कुणीतरी त्याला पालथा केला. का केला, यात शेवटच्या फेरीचा निम्मा आनंद आहे. पण त्याच अहवालात मृत्यूची वेळ ‘रात्री 11 वाजून 20 मिनिटं’ दिलीय. कुठलाही डॉक्टर मिनिटावर बोट ठेवत नाही, त्यातून जुलैच्या दमट हवेत शरीर थंड होण्याच्या वेगावर तर मुळीच नाही. तिथे ‘रात्री 10 ते 1 च्या दरम्यान’ लिहा. असं केल्याने मास्तर आणि नर्स दोघंही संशयाच्या कक्षेत राहतात. मूळ वेळेने दोघं पहिल्याच फेरीत सुटून जातात, आणि मास्तर करणाऱ्याला त्यापुढे तास-दीड तास काही कामच नसतं.

जुन्या मित्रांच्या कथेत गुपितापेक्षा गप्प राहण्याचं कारण महत्त्वाचं. पंचवीस वर्षं माणूस तोंड मिटून बसतो तेव्हा त्याला त्यातून रोज काहीतरी मिळत तरी असतं, नाहीतर रोज काहीतरी मोजावं तरी लागतं. या कसोटीवर आठांपैकी पाच गुपितं खणखणीत उतरतात. डॉक्टरचं सर्वांत चांगलं: 1999 मध्ये शिकाऊ असताना मित्रांच्या सांगण्यावरून त्याने प्रेताच्या मनगटावरच्या वळाविषयी मौन पाळलं, आणि पुढची सगळी प्रॅक्टिस त्या मौनावर उभी राहिली. नर्सने तेव्हाच ते ओळखलं होतं. दोघं एकमेकांच्या घरी येतात-जातात, पण एका ताटात जेवत नाहीत, ही बारीकशी ओळ पुस्तिकेत आहे आणि ती मोठ्याने वाचून दाखवावी अशी आहे. बँकवालीचं गुपित मात्र पोकळ. तिने 1999 मध्ये एक पत्र फाडलं, बस. ते सांगितल्याने तिचं कधीच काही बिघडलं नसतं. सहा जणांतच खेळायचं असेल तर बँकवाली आणि वकील वगळा असं वहीत लिहिलंय. ते ऐकू नका. बँकवाली आणि मास्तर वगळा, वकिलाशिवाय मित्रांच्या गप्प बसण्याला गाठच राहत नाही.

खुनी कोण हे खुन्यालाही तिसऱ्या फेरीपर्यंत माहीत नसतं, पाकीट 9 मध्ये कळतं. नवख्या माणसावर दोन तास खोटं बोलण्याचा ताण येत नाही, ही मोठी सोय. धोका एकच: आधीच्या गप्पांत त्याने मनाने काही जोडून सांगितलेलं असतं आणि ते पुढे आड येतं. म्हणून सुरुवातीलाच दोन नियम सांगून टाका. पुस्तिकेत नाही ते ‘आठवत नाही’ म्हणायचं. आणि बाहेरची माहिती जरूर वापरा, पण कुणाला खोटं ठरवायला एका कार्डाचा तरी आधार दाखवावा लागेल. या दुसऱ्या नियमाने हुर्राकीसारख्या चुका आपोआप बाजूला पडतात.

वेळ खोक्यावर अडीच तास छापलाय. आठ जणांत साडेतीन तास धरा: पुस्तिका वाचायला 20 मिनिटं, पहिल्या दोन फेऱ्या पाऊण-पाऊण तास, तिसरी तासभर, शेवटचा उलगडा 25 मिनिटं, आणि मध्ये चहा. फोटो एकच आहे, जेमतेम पोस्टकार्डाएवढा, आणि त्यातल्या मनगटी घड्याळावर एक खूण टेकलेली आहे. छपाई इतकी मऊ आहे की भिंग असूनही काटे दिसत नाहीत. फोटो आठ हातांत फिरेपर्यंत दहा मिनिटं जातात. सूत्रधाराच्या वहीच्या मागच्या पानावर हाच फोटो मोठा आणि स्वच्छ छापलेला आहे, त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.

कागद पावसाळ्याला टिकत नाही. खेळाची मजा पावसाच्या रात्रीच, आणि नेमकी तेव्हाच पाकिटांचा डिंक ओल धरतो: काही आपोआप उघडतात, काही आतल्या कागदाला चिकटून तो फाडतात. पाकीट 6 मधल्या एसटीडीच्या चिठ्ठीला हे पहिल्यांदा होतं, कारण तो कागद सगळ्यांत पातळ, आणि त्यावर छापलेली वेळ गेली तर 1999 च्या रात्रीचा एक धागा कायमचा जातो. खोकं आणल्या दिवशीच पाकिटांच्या तोंडात बटर पेपरची पट्टी घाला आणि सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. खाणं कोरडं द्या, बन, मिरची भजी, काजू. रस-ऑम्लेट खेळ संपल्यावर. वीज गेली तर मेणबत्तीच्या उजेडात नकाशा छान दिसतो, पण पंचांगाची अक्षरं इतकी बारीक आहेत की तिथी वाचताच येत नाही. ते एक पान आधीच दीडपट मोठं करून घ्या.

एका गटाला हा खेळ एकदाच खेळता येतो, पण खोकं पुढे देता येतं, फक्त पाकिटं फाडू नका, सुरीने वरची कड कापा. खेळ आटोपला की बारा नवी लांब पाकिटं आणून कागद पुन्हा भरा, वर आकडे घाला, आणि पाकीट 7 मध्ये कुठला कागद ठेवलाय, मृत्युपत्र की विक्रीखत, ते सूत्रधाराच्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवा.